खालची सही

विद्यार्थ्यांच्या हातीं मोबाईल द्यावा कीं देऊं नये, हा वाद आतां संपल्यासारखाच आहे. तो कोणा शिक्षणतज्ज्ञानें युक्तिवाद करून संपविला असें नाहीं. २०२० च्या मार्च महिन्यांत शाळांना कुलपें लागलीं आणि कालपर्यंत ज्या यंत्राला घरोघरीं शिव्याशाप मिळत होते, तेंच यंत्र पाठ्यपुस्तकांच्याही आधीं विकत घेणें पालकांना भाग पडलें, तेव्हां तो वाद आपोआप मिटला. आतां उरला आहे तो दुसरा व अधिक अवघड प्रश्न. हें साधन जबाबदारीनें वापरावयास शिकवावयाचें, म्हणजे नक्की काय शिकवावयाचें? शाळाशाळांतून ह्या विषयावर जीं व्याख्यानें होतात त्यांचा रोख बहुधा दोनच गोष्टींवर असतो. मोबाईलनें डोळे बिघडतात आणि वेळ फुकट जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु डोळे बिघडले तर ज्याचे त्याचे बिघडतात. मुलाच्या अंगठ्याच्या एका दाबानें दुसऱ्या कोणाचें काय बिघडूं शकतें, ह्याचा विचार त्या व्याख्यानांत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखांत त्याच अंगाचा, आणि तोही इतिहासाच्या वाटेनें, विचार करावयाचा आहे. निरोप पोंचविण्याचें नवें साधन तरुणांच्या हातीं पडण्याची महाराष्ट्रांतील ही कांहीं पहिली वेळ नव्हे.

आरंभ जुन्या कागदांपासून करूं. शिवकालीन अस्सल राजपत्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना त्याची ठेवण आठवत असेल. पत्राच्या माथ्यावर मुद्रा असते, आणि मजकूर जेथें संपतो तेथें अगदीं लगटून दुसरा एक लहान शिक्का असतो. त्यांतील अक्षरें ‘मर्यादेयं विराजते’ अशीं आहेत. हा शिक्का शोभेसाठीं नव्हता. आमचें म्हणणें येथें संपलें, ह्याखालीं कोणीं एक ओळ जरी घुसडली तरी ती आमची नव्हे, असें सांगणारी ती शेताच्या बांधावरची खूण होती. पत्रावर ‘रुजू’, ‘बार’ असे शेरे असत. ते पाहिले कीं कागद दफ्तरांतील कोणाच्या नजरेखालून गेला आणि कोठें नोंदला गेला हें कळे. म्हणजे पत्र कोणाचें, तें कोठवर त्याचें, आणि तें कोणाच्या हातून आलें, ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें कागदावरच मिळत. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर कसें असावें, ओळ कशी असावी, कागदाच्या कडेला जागा किती सोडावी, अशा बारीकसारीक गोष्टींत एवढ्या मोठ्या पुरुषानें लक्ष घालावें ह्याचें आजच्या विद्यार्थ्याला नवल वाटतें. मला मात्र त्यांच्या उत्तरपत्रिका तपासतांना मुळींच वाटत नाहीं. नक्कल करणारा हा मूळ लेखकाचा व पुढील वाचकाचा अशा दोघांचाही देणेकरी असतो, ही जाणीव त्या बारकाव्यांच्या मुळाशीं आहे.

अर्थात् शिक्के होते म्हणून अफवा नव्हत्या असें समजण्याचें कारण नाहीं. जुन्या कागदांत तिला ‘आवई’ असा नामी शब्द आहे. पानिपतच्या रणांतून सदाशिवरावभाऊ जिवंत सुटले ही आवई पंधरा वर्षें जिवंत राहिली, आणि १७७६ सालीं भाऊंच्या तोतयानें तिच्याच बळावर कोंकणांत बंड उभारून किल्ल्यांमागून किल्ले घेतले. तोंडानें चालणाऱ्या बातमीला मुद्राही नसते आणि मर्यादाही नसते, हें त्या काळींही खरें होतें. फरक एवढाच, कीं बोललेलें आणि लिहिलेलें ह्यांची योग्यता एक नव्हे हें त्या वेळचा साधा कारकूनही जाणत होता.

पुढें छापखाना आला. मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं पंचांग छापलें, तेव्हां छापील कागदाला शिवावें कीं नाहीं ह्याचीच चर्चा अधिक झाली. शाईंत चरबी असते अशी समजूत होती, म्हणून त्यांनीं तुपाची शाई वापरली. मौज पहा, शाई शुद्ध कीं अशुद्ध हा प्रश्न सर्वांना पडला, पण त्या शाईनें छापलेला मजकूर शुद्ध कीं अशुद्ध हा कोणास फारसा पडला नाहीं. नवें साधन आलें कीं समाज आधीं त्याच्या अंगाला कोणता विटाळ आहे तें पाहतो. त्यांतून काय वाहतें तें मागाहून पाहतो. मोबाईलच्या किरणांची चर्चा ज्या उत्साहानें झाली ती आठवली म्हणजे १८३१ आणि आपला काळ ह्यांत फार अंतर आहे असें वाटत नाहीं.

तो दुसरा प्रश्न ज्यांना पडला ते बहुतेक शिक्षक आणि विद्यार्थी होते, हें मात्र अभिमानानें सांगण्यासारखें आहे. ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर त्यावेळीं विशीच्या आसपासचे होते, आणि पुढें एल्फिन्स्टनमध्यें त्यांनीं अध्यापनच केलें. १८४८ सालीं त्याच संस्थेंतील विद्यार्थी व अध्यापक ह्यांनीं मिळून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापिली. दादाभाई नौरोजी हे तिच्यांतील एक. त्यांचें वय तेव्हां तेवीसही पुरें नव्हतें. तिची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तिचे पहिले अध्यक्ष, आणि १८५० पासून निघालेलें ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें तिचें मासिक. येथील रीत अशी होती कीं निबंध आधीं सभेंत उभें राहून वाचावयाचा, आणि मग तो मासिकांत यावयाचा. छापण्यापूर्वीं आपलें म्हणणें चार ओळखीच्या माणसांच्या तोंडावर बोलावें लागणें, ही केवढी मोठी शाळा आहे! ज्याला आपण आज विद्यार्थ्यांना जबाबदारी शिकविणें म्हणतों, तें त्या सभेंत वेगळा तास न ठेवतां होत होतें. ह्याच विद्यार्थ्यांनीं १८४९ मध्यें मुलींच्या शाळा काढल्या, ही गोष्ट त्याच मुशींतून निघाली असें मला वाटतें.

सरकारनें आपल्या परीनें १८६७ च्या कायद्यानें असें ठरविलें, कीं छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचें नांव व छापण्याचें ठिकाण आणि तसेंच प्रकाशकाचें नांव असलेंच पाहिजे. हेतु अर्थातच पाळत ठेवण्याचा होता. तथापि वाचकाच्या दृष्टीनें त्याचा एक लाभ झाला, तो हा कीं निनावी छापील कागद पाहिला कीं त्याच्या मनांत शंका यावी ही संवय लागली. तो कायदा दीडशें वर्षांहून अधिक काळ चालून अलीकडे, १ मार्च २०२४ पासून, नव्या कायद्याला जागा देऊन निवृत्त झाला. पोस्टाचें तसें नव्हतें. १ जुलै १८७९ रोजीं पाव आण्याचें कार्ड निघालें आणि गरिबालाही लिहितां येऊं लागलें. पण पुढें त्याच कार्डावर अमुक देवाच्या नांवानें इतकीं पत्रें लिहा, न लिहाल तर अनिष्ट होईल, असा मजकूर घरोघर फिरूं लागला. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांनीं अशीं कार्डें पाहिलीं असतील. कित्येकांनीं भीतीनें लिहिलींही असतील. त्यांत सहीच्या जागीं कोणीच नसे. एवढेंच कीं अकरा कार्डें लिहावयाचीं तर अकरा कार्डांचे पैसे पडत आणि हात दुखे. आळस हा त्या काळचा मोठाच समाजरक्षक होता.

परंतु ह्या सर्व इतिहासांत विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याजोगें प्रकरण कोणतें असें कोणीं विचारलें, तर मी कोल्हापूर प्रकरणाचें नांव घेईन. शाळेच्या पुस्तकांत तें एका ओळींत उरकलेलें असतें: कोल्हापूरच्या दिवाणांवर टीका केल्याबद्दल टिळक-आगरकरांना कारावास झाला. ओळ खोटी नाहीं. पण तिच्यांतून शिकण्यासारखा जो भाग, तोच गळला आहे.

झालें तें असें. कोल्हापूरचे छत्रपति चौथे शिवाजीमहाराज हे अल्पवयी. त्यांच्या मेंदूंत बिघाड आहे असें सरकारी मत होतें, आणि त्या निमित्तानें त्यांचे हाल केले जातात असा लोकांत बोभाटा होता. दिवाण रावबहादुर माधवराव बर्वे ह्यांच्यावर संशयाची बोटें होतीं. १८८१ च्या जानेवारींत सुरू झालेले ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्यांनीं हें प्रकरण हातीं घेतलें. लेखक कोण? न्यू इंग्लिश स्कूलमधील दोन शिक्षक, दोघेही पंचविशींतले. त्यांच्या हातीं कांहीं पत्रें आलीं. तीं बर्व्यांचीं असल्याचें त्यांना सांगण्यांत आलें, आणि त्यांतून दिवाणांचा कट उघड होत होता. पत्रांच्या आधारानें त्यांनीं जळजळीत मजकूर लिहिला. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला मुंबईस चालला, फिरोजशहा मेथा व काशिनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांच्यासारखे विधिज्ञ आरोपींच्या बाजूस होते. महात्मा फुल्यांच्या शब्दाखातर रामशेट उरवणे जामीन राहिले. पण पत्रें बनावट ठरलीं. बिनशर्त माफी मागितली गेली, तरी खटला थांबला नाहीं. जुलै १८८२ मध्यें दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून एकशें एक दिवसांनीं, २६ ऑक्टोबर रोजीं, ते डोंगरीच्या तुरुंगांतून बाहेर आले. ह्या दिवसांवर आगरकरांनीं पुस्तकच लिहिलें आहे.

दोन तल्लख, निःस्वार्थी, कायद्याचा व तर्कशास्त्राचा अभ्यास केलेले पदवीधर बनावट पत्रांना कां फसले? मला वाटतें, त्या पत्रांत नेमकें तेंच लिहिलें होतें जें खरें आहे अशी त्यांची आधींच खात्री होती. आपल्याला पटणारा पुरावा कोणी आणून दिला म्हणजे त्याची पारख करण्याचें आपल्याला सुचत नाहीं. न पटणारा आला म्हणजे मात्र आपण शाई, कागद, वळण सारें पाहूं लागतों. आणि प्रकरणाची गुंतागुंत अशी, कीं तरुण छत्रपतींबद्दलची लोकांची कळकळ अनाठायीं नव्हती. डिसेंबर १८८३ मध्यें अहमदनगर येथें, त्यांच्यावर नेमलेल्या एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. म्हणजे कळवळा खरा आणि कागद खोटा, असें हें प्रकरण आहे. खोट्या कागदानें खऱ्या कळवळ्याचें किती नुकसान होतें हें ज्याला समजलें, त्याला पुढील सर्व समजलें. हा भाग आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवितों तो आदरापोटीं. पण ज्या माणसांनीं आपलें नांव त्या मजकुराखालून काढून घेतलें नाहीं, माफी मागितली आणि शिक्षाही भोगली, त्यांचा आदर ह्यानें कमी कसा होईल? उलट पुण्याच्या लोकांनीं तो वाढविला. ह्याच मंडळींनीं १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढली आणि दुसऱ्याच वर्षीं फर्ग्युसन कॉलेज, आणि पालकांनीं आपलीं मुलें त्यांच्याच स्वाधीन केलीं.

आतां एकदम एकशें छत्तीस वर्षें पुढें येऊं. १ जुलै २०१८ हा रविवार होता आणि धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यांतून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी तेथें उतरले. मुलें पळविणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून गांवोगांव पोंचले होते. जमावानें त्या पांचांना ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडून ठार मारलें. त्या वर्षीं देशांत ठिकठिकाणीं अशीं कृत्यें झालीं. त्यावेळीं सर्वत्र फिरलेल्या चित्रफितींपैकीं एक मुळांत कराचींतील एका संस्थेनें पालकांना सावध करण्यासाठीं केली होती: दुचाकीवरून दोघे येतात, मुलाला उचलतात, आणि शेवटीं परत आणून सोडतात व मुलांची काळजी घ्या असा फलक दाखवितात. कोणीतरी शेवट कापला. मजकुराच्या अखेरीस मर्यादेचा शिक्का कां लागत असे, हें मी वर्गांत ह्या कापलेल्या शेवटावरून समजावतों. शिवकालीन पत्राचें चित्र त्यानंतर दाखवितों.

राईनपाड्याच्या बाजारांत ज्यांनीं हात उचलला त्यांना न्यायासनासमोर उभें करतां आलें. पण तो संदेश पुढें पाठविणारे किती, आणि त्यांत शाळा-कॉलेजचीं मुलें किती, हें कोण सांगणार? त्यांतील बहुतेकांनीं तो काळजीनेंच पाठविला असेल. येथेंही कळवळा खरा आणि कागद खोटा. मात्र ह्या वेळीं शिक्षा भोगली ती ज्यांचा कांहींच संबंध नव्हता त्यांनीं. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें पुढें ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखविणें सुरू केलें आणि भारतापुरती एका वेळीं पांच ठिकाणांची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्यें फार वेळां फिरलेल्या संदेशाला एकाच ठिकाणची. आळसानें पूर्वीं जें काम फुकट केलें तें आतां कंपनीला यंत्रांत बसवावें लागलें. दोन बाणांची ती खूण संदेश पुष्कळ हातांतून आला एवढेंच सांगते; पहिला हात कोणाचा तें ती सांगत नाहीं.

येथें एका धोक्याची सूचना देणें भाग आहे. जबाबदारी शिकविण्याच्या नांवाखालीं आम्ही शिक्षक मंडळी मुलांना भिण्यास शिकवितों, असें पुष्कळदां होतें. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर आपलें मत लिहिलें व दुसरीनें तें नुसतें पसंत केलें. दोघींनाही अटक झाली. पुढें तें प्रकरण बंद झालें. आणि ज्या ६६-अ कलमाचा त्यांत उपयोग करण्यांत आला होता तें सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य म्हणून रद्द केलें. ह्या कलमाविरुद्ध न्यायालयांत गेलेली श्रेया सिंघल ही त्यावेळीं कायद्याच्या अभ्यासाच्या उंबरठ्यावरची तरुणी होती, हें मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतों. पालघरच्या मुलीनें जें लिहिलें तें मत होतें, आणि तें तिच्या स्वतःच्या नांवानें होतें. तिला अविचारी म्हणणारे पुष्कळ भेटले. पण ज्या कसोटीवर राईनपाड्याचा संदेश नापास होतो, त्या कसोटीवर ही मुलगी नापास होत नाहीं. मत आणि वृत्त ह्यांतला हा भेद न शिकवतां ‘काय लिहितां तें जपून लिहा’ एवढेंच शिकवणें, म्हणजे विद्यार्थ्याला गप्प बसण्याचें प्रशिक्षण देणें होय.

शिकवून कांहीं उपयोग होतो काय, अशी शंका सुज्ञ पालक घेतात. ती रास्त आहे, आणि आतां तिला थोडेंफार उत्तरही देतां येतें. केरळांत कण्णूर जिल्ह्यांत २०१८ सालीं सुमारें दीडशें सरकारी शाळांतून ‘सत्यमेव जयते’ ह्या नांवानें खोट्या बातम्या ओळखण्याचे तास घेण्यांत आले. गोवर-रुबेलाच्या लसीविरुद्ध पसरलेल्या अफवांचा चटका तेथील अधिकाऱ्यांना बसला होता. बिहारांत सुमित्रा बद्रिनाथन् ह्या संशोधिकेनें २०१९ च्या निवडणुकीच्या सुमारास प्रौढांना घरीं जाऊन एक तासभर असें शिकवून पाहिलें. परिणाम एकंदरींत जवळजवळ शून्य! मात्र पुढें तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं त्याच प्रांतांत तेरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांना घेऊन, वर्ग भरवून, कित्येक आठवडे हें शिक्षण चालविलें, तेव्हां मुलांची खरेंखोटें निवडण्याची शक्ति वाढली. विशेष म्हणजे घरीं त्यांच्या पालकांवरही त्याचा परिणाम दिसला. एका तासाच्या व्याख्यानाचा मोह असणाऱ्या मुख्याध्यापकांनीं हीं दोन टोकें शेजारीं ठेवून पाहावीं.

घरच्यांवरचा हा परिणाम मोठ्या नाजूक जागीं होतो. आमच्या घरांत बातमी वरून खालीं येते. मोठ्यांनीं सांगावें, धाकट्यांनीं ऐकावें. सकाळीं आजोबा एखाद्या औषधी पाल्याचा किंवा इतिहासांतील एखाद्या ‘दडपलेल्या सत्याचा’ संदेश घरच्या ग्रुपवर टाकतात. तेव्हां नातीनें ‘हें कोणीं लिहिलें?’ असें विचारणें हा प्रश्न राहत नाहीं, उर्मटपणा ठरतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना खोडून काढण्यास सांगत नाहीं, फक्त माग काढण्यास सांगतों. ‘आजोबा, तुम्हांला हें कोणीं पाठविलें?’ ह्या प्रश्नानें सहसा कोणी रागावत नाहीं. उलट कांहीं आजोबांना त्यांत भारीच गंमत वाटूं लागते, आणि ते आपल्या मित्राला, मित्र आपल्या मेहुण्याला विचारतो. इतिहासाच्या तासाला आम्ही आधीं कोल्हापूरच्या खटल्याची हकीकत वाचतों, आणि मग वहींत दोन रकाने आंखतों. पहिल्यांत संदेश ज्याच्याज्याच्याकडून आला त्याचें नातें लिहावयाचें, दुसऱ्यांत मूळ लिहिणाराचें नांव. पहिला रकाना काका, आत्या, सोसायटीचे सेक्रेटरी, गांवाकडचे मामा अशा माणसांनीं भरून वाहतो. दुसरा बहुधा कोरा येतो. कोऱ्या रकान्याचे मी गुण कापत नाहीं. तेथें अंदाजानें कोणाचें नांव घातलेलें दिसलें, तर मात्र कापतों.